रात्रीचा बॅकअप हाताने नीट होतो, क्रॉनमधून मात्र २० बाइटची फाइल. आणि दर ५ मिनिटांचं काम एकावर एक चढतं

प्रश्न: चिंचवणी

नमस्कार मंडळी. भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, उबुंटू २२.०४, त्यावर मारियाडीबी आणि पीएचपी. डेटाबेस साधारण ६ जीबी. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) आहे, वापरणारे सगळे महाराष्ट्रातले. चार कामं आपोआप व्हायला हवीत आणि चारही वेगवेगळ्या तऱ्हेने अडली आहेत.

अ) रोज पहाटे अडीचला डेटाबेसचा बॅकअप. 'डिप्लॉय' या युजरच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) ही ओळ आहे:

० २१ * * * /ऑप्ट/कामे/बॅकअप

स्क्रिप्ट मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) चालवते आणि तिचं आउटपुट पाइपने थेट जीझिपकडे (फाइल दाबून लहान करणाऱ्याकडे) देते. डेटाबेसचा पासवर्ड .बॅशआरसी (टर्मिनलचा शेल उघडताना वाचली जाणारी फाइल) मधल्या एका व्हेरिएबलमध्ये आहे. हाताने चालवली की व्यवस्थित फाइल मिळते. क्रॉनमधून रोज फाइल होते, पण बरोबर २० बाइटची. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून ती क्रॉनटॅबच्या ओळीतच घालून पाहिली, तर फाइलच होत नाही. लॉगमध्ये कमांड 'डेट +' इथे तुटलेली दिसते.

ब) १४ दिवसांपेक्षा जुने बॅकअप काढणारी स्क्रिप्ट /ईटीसी/क्रॉन.डेली मध्ये 'जुने-काढ.एसएच' नावाने ठेवली आहे. परवानग्या ७५५. ती कधीच चालत नाही आणि कुठे एररही नाही.

क) दर ५ मिनिटांनी ऑर्डर दुसऱ्या सिस्टिमकडे पाठवायच्या. एरवी मिनिटभरात होतं, पण समोरची सिस्टिम मंद असली की १० ते १२ मिनिटं लागतात. मग दोन-तीन प्रोसेस एकदम चालतात आणि काही ऑर्डर दोनदा जातात.

ड) दर महिन्याच्या १ तारखेला रात्री एक वाजता मागच्या महिन्याचा अहवाल. यूटीसीत ते आदल्या दिवशीचे १९:३० होतात, म्हणून ३१ तारीख घातली. ३० दिवसांच्या महिन्यात अहवाल निघत नाही.

क्रॉन सोडून सिस्टिमडी टायमरकडे (उबुंटूतली वेळेवर कामं चालवायची दुसरी सोय) जावं, की हे क्रॉनमध्येच सुधारेल?

---

सह्यवारा

आधी बॅकअप, कारण तुमच्याकडे आत्ता एकही बॅकअप नाही. आजचा एक हाताने काढून दुसऱ्या मशिनवर नेऊन ठेवा, मग पुढचं वाचा.

२० बाइट हाच इथला पुरावा आहे. जीझिपला इनपुटमध्ये काहीच मिळालं नाही तरी तो आपला मथळा आणि शेवट लिहितो, आणि त्याची बेरीज २० बाइट होते. म्हणजे डंप सुरू होऊन लगेच मेला आणि जीझिपने रिकामं पाकीट नीट बंद करून दिलं. डंप मरण्याचं कारण पासवर्ड. क्रॉन इंटरॅक्टिव्ह (माणूस समोर बसून वापरतो तसा) शेल उघडत नाही, त्यामुळे .बॅशआरसी वाचली जात नाही आणि व्हेरिएबल रिकामं राहतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला .बॅशआरसी 'सोर्स' करायचा मोह होईल, पण उबुंटूच्या .बॅशआरसी मध्ये अगदी वरच 'शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत जा' अशी तपासणी असते. खालच्या ओळी वाचल्याच जाणार नाहीत.

क्रॉनमध्ये काय असतं ते लक्षात ठेवा: पाथमध्ये फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन, शेल म्हणजे /बिन/एसएच (उबुंटूवर तो डॅश आहे, बॅश नव्हे), आणि होम व लॉगनेम. बाकी जवळजवळ काही नाही. डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक मिनिटापुरती ही ओळ टाका आणि मग काढून टाका:

* * * * * /यूएसआर/बिन/एन्व्ह > /टीएमपी/क्रॉन-एन्व्ह

यापुढे स्क्रिप्ट हाताने तपासताना नेहमीच्या टर्मिनलमध्ये तपासू नका. 'एन्व्ह -आय' ने सगळं वातावरण पुसा, वरच्या चार गोष्टी तेवढ्या द्या आणि /बिन/एसएच -सी ने चालवा. जे तिथे चालेल तेच रात्री चालेल.

पासवर्डसाठी डिप्लॉयच्या होममध्ये .माय.सीएनएफ फाइल, परवानगी ६००, त्यात [क्लायंट] खाली युजर आणि पासवर्ड. कमांडच्या ओळीत पासवर्ड कधीही लिहू नये, प्रोसेसच्या यादीत तो डोकावू शकतो. बॅकअपसाठी डेटाबेसमध्ये वेगळा युजर करा आणि त्याला वाचण्यापुरतेच हक्क द्या.

आता पाइपचा प्रश्न. पाइपलाइनचा एक्झिट कोड (काम जमलं की नाही हे सांगणारा आकडा, ० म्हणजे जमलं) शेवटच्या कमांडचा असतो. डंप मेला तरी जीझिप ० देतो, म्हणून स्क्रिप्टच्या दृष्टीने सगळं छान. पहिली ओळ बॅशची करा आणि दुसरी ओळ 'सेट -ईयूओ पाइपफेल', म्हणजे पाइपमधलीही कोणती कमांड फसली तरी स्क्रिप्ट तिथेच थांबते. मग स्क्रिप्टचा क्रम असा ठेवा:

१. यूमास्क ०७७, म्हणजे फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही.
२. डंपला --सिंगल-ट्रान्झॅक्शन, --क्विक, --रूटीन्स, --इव्हेंट्स. पहिल्या पर्यायाने इनोडीबी या प्रकारची टेबलं लॉक न करता एकाच क्षणाचं चित्र मिळतं. जुन्या मायआयसॅम टेबलांना त्याचा उपयोग नाही, तशी टेबलं आहेत का ते बघून घ्या.
३. थेट शेवटच्या नावाने लिहू नका. त्याच डिरेक्टरीत '.अर्धा' शेपटीच्या नावाने लिहा.
४. जीझिप -टी ने फाइल तपासा. मग झेडकॅट आणि टेलने शेवटची ओळ काढा. तिथे 'डंप कम्प्लीटेड' अशी टिप्पणी असायला हवी. मधेच तुटलेल्या डंपमध्ये ती नसते.
५. सगळं बरोबर असेल तरच एमव्हीने खरं नाव द्या. एकाच फाइलसिस्टिमवर हे नामांतर एका झटक्यात होतं, त्यामुळे खऱ्या नावाची फाइल म्हणजे पूर्ण फाइल.

तारीख तुटण्याचं कारण टक्क्याचं चिन्ह. क्रॉनटॅबच्या ओळीत % म्हणजे नवी ओळ. त्यापुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. तिथे \% लिहावं लागतं. माझा सल्ला असा की क्रॉनटॅबच्या ओळीत वेळ आणि स्क्रिप्टचा पूर्ण पाथ यापलीकडे काही असूच नये. तारीख, पाइप, अटी, सगळं स्क्रिप्टमध्ये.

एरर का दिसली नाही? स्क्रिप्टने जे काही छापलं ते क्रॉन मेलने पाठवतो. उबुंटू सर्व्हरवर बहुधा मेलची व्यवस्था बसवलेलीच नसते, मग क्रॉन ते फेकून देतो आणि लॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' एवढं लिहितो. जर्नलसीटीएल -यू क्रॉन मध्ये ती ओळ रोज रात्री नऊनंतर (यूटीसी) दिसेल. आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं तर क्रम '>> फाइल २>&१' असा. उलटा लिहिला तर एरर फाइलमध्ये जात नाहीत. त्याहून बरं म्हणजे स्क्रिप्टच्या आधी 'सिस्टिमडी-कॅट -टी बॅकअप' लावा: आउटपुट जर्नलमध्ये जातं आणि एक्झिट कोडही तसाच राहतो. लॉगरला पाइप केलं तर एक्झिट कोडची तीच जुनी गडबड पुन्हा होते.

---

निंबोणी

ब चं उत्तर छोटं आहे. नावातला टिंब काढा. क्रॉन.डेली मधल्या फाइली 'रन-पार्ट्स' चालवतो आणि डेबियन-उबुंटूवर तो फक्त अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि हायफन एवढीच नावं स्वीकारतो. टिंब दिसला की फाइल गुपचूप वगळतो. 'रन-पार्ट्स --टेस्ट /ईटीसी/क्रॉन.डेली' चालवा, जी नावं छापली जातील तीच चालणार. /ईटीसी/क्रॉन.डी मधल्या फाइलींनाही हाच नियम, आणि तिथे वेळेच्या पाच खान्यांनंतर युजरच्या नावाचा सहावा खाना लागतो. तो विसरला तर कमांडचा पहिला शब्दच युजरचं नाव समजला जातो.

पण ती स्क्रिप्ट चालत नव्हती हे बरंच झालं. विचार करा: बॅकअप २० बाइटचे होत आहेत आणि दुसरीकडे १४ दिवसांपूर्वीचे चांगले बॅकअप रोज पुसले जात आहेत. दोन आठवड्यांत हातात फक्त रिकाम्या फाइली. जुनं काढण्याचं काम वेगळ्या वेळापत्रकावर ठेवूच नका. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये, एमव्ही यशस्वी झाल्यावर, शेवटची ओळ म्हणून ठेवा. फाइंडमध्ये '-एमटाइम +१४' म्हणजे पूर्ण १४ दिवसांहून जास्त, प्रत्यक्षात १५ दिवस झालेल्या फाइली. आणि -डिलीट हा पर्याय अटींच्या नंतरच लिहायचा. आधी लिहिला तर अटी बघण्यापूर्वीच सगळं जातं.

क साठी फ्लॉक, म्हणजे एका वेळी एकच प्रोसेस चालू देणारं कुलूप. ओळ अशी:

*/५ * * * * /यूएसआर/बिन/फ्लॉक -एन /रन/लॉक/ऑर्डर-सिंक /यूएसआर/बिन/टाइमआउट -के ३०एस १५एम /ऑप्ट/कामे/ऑर्डर-सिंक

-एन म्हणजे कुलूप मिळालं नाही तर थांबू नकोस, निघून जा. हे महत्त्वाचं. -एन नसेल तर अडकलेल्या प्रोसेस रांगेत उभ्या राहतात आणि पहिली सुटली की एकामागून एक धावतात. टाइमआउट १५ मिनिटांनी काम बंद करायला सांगतो, ३० सेकंदांत ऐकलं नाही तर ठार करतो. वेळ संपल्याचा एक्झिट कोड १२४, ठार करावं लागलं तर १३७. टाइमआउट नसेल तर नेटवर्कवर लटकलेली एकच प्रोसेस कुलूप धरून बसते आणि सिंक कायमचा बंद पडतो, तेही कुठलीच एरर न देता.

लोक 'लॉकफाइल आहे का' असं तपासून स्वतःच फाइल बनवतात. ते करू नका. प्रोसेस मधेच मेली की फाइल मागे राहते आणि पुढचं काम कधीच सुरू होत नाही. फ्लॉकचं कुलूप कर्नल सांभाळतो, प्रोसेस गेली की ते सुटतं. एक बारकावा: स्क्रिप्टने मागे काही बॅकग्राउंड प्रोसेस सोडली तर तिच्याकडेही ते कुलूप वारशाने जातं. तसं असेल तर फ्लॉकला -ओ द्या.

दुसरा बारकावा हमखास फसवतो. डिप्लॉयने बनवलेली लॉकफाइल /रन/लॉक मध्ये आहे आणि तुम्ही रूट होऊन तीच कमांड तपासायला गेलात तर 'परमिशन डिनाइड' येईल. रूटलाही! सर्वांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत दुसऱ्याची फाइल अशी उघडू न देण्याचं कर्नलचं संरक्षण उबुंटूवर चालू असतं. ते बंद करायच्या भानगडीत पडू नका, 'सूडो -यू डिप्लॉय' ने तपासा.

दोनदा जाणाऱ्या ऑर्डरींवर फ्लॉक हा अर्धाच इलाज आहे. ऑर्डर पाठवली, आणि 'पाठवली' अशी खूण करण्याआधीच टाइमआउट झाला, तर पुढच्या फेरीत ती परत जाणारच. प्रत्येक ऑर्डरसोबत न बदलणारा क्रमांक पाठवा आणि समोरच्या टेबलात तो युनिक ठेवायला सांगा. हे झालं की एखादी फेरी दोनदा चालली तरी नुकसान नाही.

---

उंबरठा

ड साठी लिहितो. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आतलं कोणतंही काम यूटीसीत आदल्या दिवशी पडतं. रोजच्या कामाला फरक पडत नाही. आठवड्याच्या कामाला पडतो: सोमवारी पहाटे अडीच म्हणजे यूटीसीत रविवार २१:००. आणि महिन्याच्या कामाला तर 'महिन्याचा शेवटचा दिवस' लागतो, जो क्रॉनला सांगताच येत नाही.

क्रॉनमध्येच राहायचं असेल तर युक्ती सोपी आहे. २८ ते ३१ या चारही तारखांना १९:३० ला स्क्रिप्ट उठवा:

३० १९ २८-३१ * * /ऑप्ट/कामे/मासिक-अहवाल

आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत टीझेड=एशिया/कोलकाता (टीझेड म्हणजे टाइमझोन) देऊन डेट कमांडला दिवस विचारा; ०१ नसेल तर एक्झिट ०. फेब्रुवारी, लीप वर्ष, सगळं बसतं.

क्रॉनटॅबमध्ये वर 'क्रॉन_टीझेड' लिहा असा सल्ला नेटवर सापडेल. तो रेड हॅट घराण्यातल्या क्रोनी नावाच्या क्रॉनसाठी खरा आहे. उबुंटू २२.०४ च्या क्रॉनला ते कळत नाही. नुसतं 'टीझेड' लिहिलं तर ते कमांडला मिळतं, पण ती कधी चालवायची ते यूटीसीवरच ठरतं. ओळ दिसायला बरोबर, चालते चुकीच्या वेळी.

सगळा सर्व्हरच भारतीय वेळेवर नेणं हाही पर्याय आहे. टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन, आणि त्यानंतर क्रॉन रीस्टार्ट करायलाच हवा, नाहीतर तो जुनी वेळ धरून बसतो. पण मारियाडीबी सिस्टिमची वेळ घेत असेल तर तिच्या पुढच्या रीस्टार्टनंतर 'नाऊ' भारतीय वेळ देईल, आणि डेटटाइम प्रकारच्या कॉलममध्ये आधीच्या व नंतरच्या नोंदींत साडेपाच तासांची उडी दिसेल. चालू डेटाबेसवर मी हे करणार नाही.

अहवालाच्या स्क्रिप्टमध्ये 'मागचा महिना' कसा काढता तेही बघा. डेट -डी 'लास्ट मंथ' हे ३१ मार्चला चालवलं तर ते ३१ फेब्रुवारी काढायला जातं, अशी तारीख नाही म्हणून पुढे सरकून मार्चमध्येच येतं. तुमचं काम आत्ता नेमकं ३१ तारखेला चालतंय! महिन्याची १५ तारीख धरून तिच्यातून एक महिना वजा करा, आणि तेही टीझेड भारतीय ठेवून.

माझं मत मात्र असं की ड आणि क ही दोन्ही कामं सिस्टिमडी टायमरवर न्यावीत. /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम मध्ये एकाच नावाच्या दोन फाइली: .सर्व्हिस म्हणजे काय करायचं, .टायमर म्हणजे कधी. अहवालाचा टायमर:

[टायमर]
ऑनकॅलेंडर=*-*-०१ ०१:००:०० एशिया/कोलकाता
पर्सिस्टंट=ट्रू

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=टायमर्स.टार्गेट

टाइमझोन ओळीतच, त्यामुळे सर्व्हर कुठल्याही वेळेवर असो. लिहिण्याआधी 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडर --इटरेशन्स=५' ला ती ओळ अवतरणांत द्या; पुढच्या पाच वेळा छापून देतो. क्रॉनमध्ये अशी सोय नाही आणि फक्त यासाठीसुद्धा मी टायमर निवडेन.

ऑर्डर सिंकला ऑनकॅलेंडर=*:०/५. सर्व्हिसमध्ये टाइप=वनशॉट (एकदा चालून संपणारं काम), युजर=डिप्लॉय, एक्झेकस्टार्टमध्ये पूर्ण पाथ. आधीची फेरी चालू असेल तर टायमर दुसरी सुरूच करत नाही, त्यामुळे फ्लॉकची गरज नाही. पण वनशॉटला मूळचा टाइमआउट नसतो. टाइमआउटस्टार्टसेक=१५मिन लिहाच. रनटाइममॅक्ससेक हा शब्द पाहून तो वापराल तर वनशॉटवर त्याचा परिणाम होत नाही.

एक्झेकस्टार्ट म्हणजे शेल नाही: तिथे पाइप, >, && चालत नाहीत. आणि % इथेही विशेष आहे, पण पळवाट वेगळी: दोनदा लिहायचं, %%.

---

चिंचवणी

खूप आभार. .माय.सीएनएफ आणि पाइपफेल केल्यावर बॅकअप पूर्ण आकाराचा आला, शेवटची ओळही आहे. जुने-काढ बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये नेलं.

टायमरवर दोन अडचणी. 'सिस्टिमसीटीएल इनेबल' सर्व्हिसवर चालवलं तर इन्स्टॉलेशन कॉन्फिग नाही असं म्हणतं. आणि टायमरमधली वेळ बदलली तरी लिस्ट-टायमर्समध्ये जुनीच दिसते. शिवाय, बॅकअपसुद्धा टायमरवर नेऊन पर्सिस्टंट लावलं तर सर्व्हर रात्री बंद असताना हुकलेला बॅकअप नंतर होईल ना?

---

उंबरठा

इनेबल टायमरला करायचं, सर्व्हिसला नाही: 'सिस्टिमसीटीएल इनेबल --नाऊ अहवाल.टायमर'. सर्व्हिसमध्ये [इन्स्टॉल] मुद्दाम नसतं. असतं तर ती प्रत्येक बूटला चालली असती. फाइल बदलली की डीमन-रीलोड आणि मग टायमर रीस्टार्ट. सर्व्हिस हाताने चालवून बघायची तर 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट अहवाल.सर्व्हिस', आणि हे तपासणं खरं असतं, कारण वातावरण रात्रीच्यासारखंच असतं.

पर्सिस्टंट: हो, हुकलेली फेरी बूट झाल्यावर लगेच चालते. (शेवटची वेळ तो /व्हार/लिब/सिस्टिमडी/टायमर्स मध्ये लिहून ठेवतो. कितीही फेऱ्या हुकल्या तरी भरपाई एकदाच.) दोन गोष्टी सांभाळा. बूटनंतर लगेच म्हणजे डेटाबेस अजून उठतोय, म्हणून सर्व्हिसमध्ये आफ्टर=मारियाडीबी.सर्व्हिस. आणि सर्व्हर सकाळी अकराला परत आला तर बॅकअप ऐन गर्दीत अकराला होईल. त्यासाठी सर्व्हिसमध्ये नाइस=१९ आणि सीपीयूकोटा=५०% ठेवा. आयओशेड्युलिंगक्लास=आयडल लोक लावतात, पण त्याचा उपयोग होतो की नाही हे डिस्कच्या शेड्युलरवर (वाचन-लेखनाचा क्रम ठरवणाऱ्या भागावर) अवलंबून असतं; व्हर्च्युअल सर्व्हरवर आणि एनव्हीएमई डिस्कवर बहुतेक वेळा तो होत नाही.

ऑर्डर सिंकला पर्सिस्टंट नको, पाच मिनिटांनी पुढची फेरी आहेच. तिला आफ्टर आणि वॉन्ट्स दोन्हींत नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट द्या.

---

जुनी_वही

टायमर चांगले आहेत, पण बॅकअप क्रॉनमध्ये नीट चालत असेल तर तो हलवायचं कारण मला दिसत नाही. एका ओळीचं काम एका ओळीत वाचता येणं ही मोठी सोय आहे. नवीन माणूस आला तर क्रॉनटॅब -एल मध्ये सगळं एकत्र दिसतं. आणि चालतंय ते हलवताना दोन्हीकडे चालू राहून बॅकअप दोनदा होण्याचे प्रकार होतात. हलवलंत तर क्रॉनची ओळ त्याच बैठकीत काढा.

मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. क्रॉन असो वा टायमर, 'काम सुरू केलं' एवढीच हमी ते देतात. क्रॉनच्या लॉगमध्ये कमांडची ओळ दिसते म्हणजे काम झालं असं नव्हे. निदान नापास झालेली कामं लॉगमध्ये यावीत म्हणून /ईटीसी/डीफॉल्ट/क्रॉन मध्ये एक्स्ट्रा_ऑप्ट्सला "-एल ५" द्या (१ म्हणजे सुरुवात, ४ म्हणजे नापास, त्यांची बेरीज). टायमरवर असाल तर ऑनफेल्युअर= मध्ये कळवणारी दुसरी सर्व्हिस जोडा.

पण या दोन्हींनी 'काम सुरूच झालं नाही' हे कळत नाही. सर्व्हर बंद, डिस्क भरलेली, क्रॉनच थांबलेला: कोण कळवणार? म्हणून निरोप उलटा हवा. काम यशस्वी झालं की स्क्रिप्टने बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर हजेरी लावायची, आणि ठरलेल्या वेळेत हजेरी आली नाही तर त्या बाहेरच्या मशिनने तुम्हाला कळवायचं. हेल्थचेक्स नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हेच करतं, स्वतःच्या दुसऱ्या सर्व्हरवरही बसवता येतं. स्क्रिप्टची अगदी शेवटची ओळ:

कर्ल -एफएसएस -एम १० --रीट्राय ५ -ओ /डेव्ह/नल हजेरीचा-पत्ता

सेट -ई असल्यामुळे आधी कुठेही अडलं तर ही ओळ येतच नाही. हेच हवंय. मुदत ठेवताना कामाला लागणारा वेळ धरून थोडी सैल ठेवा. रोजच्या कामाला २४ तास अधिक २ तास ठीक. फार घट्ट ठेवली तर खोट्या सूचना येतात आणि माणूस त्या वाचणं सोडतो.

आणि तो बॅकअप परत उभा करून बघा. दुसऱ्या मशिनवर रिकाम्या डेटाबेसमध्ये डंप ओता, दोन-तीन मुख्य टेबलांच्या ओळी मोजा, सर्वांत नवी नोंद कालची आहे का बघा. ६ जीबीला किती वेळ लागतो तेही लिहून ठेवा. सर्व्हर पडेल तेव्हा ग्राहक पहिला प्रश्न तोच विचारतील. महिन्यातून एकदा पुरे. बॅकअपची प्रत त्याच सर्व्हरवर ठेवून भागत नाही हे सह्यवारा यांनी सांगितलंच आहे. दुसरीकडून ती ओढून घेता आली तर उत्तम, म्हणजे हा सर्व्हर कुणाच्या हाती लागला तरी जुन्या प्रती त्याला पुसता येणार नाहीत.

---

पाणवठा

सर्व्हर परदेशी घड्याळावर असणाऱ्यांसाठी भर. लंडनच्या वेळेवर सर्व्हर ठेवून भारतीय वेळ हिशेब करून क्रॉनमध्ये घातली तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत सगळी कामं भारतात एक तास लवकर होतील. आपलं घड्याळ हलत नाही, तिकडचं हलतं. यूटीसी ठेवलंत ते योग्यच केलंत.

वेळापत्रकातले दोन गैरसमजही इथेच नोंदवतो, कारण पुढे कामं वाढली की लागतील. */७ म्हणजे दर सात मिनिटांनी नव्हे; ०, ७, १४ असं ५६ पर्यंत जाऊन परत ० येतं, म्हणजे तासाच्या टोकाला अंतर चारच मिनिटं. तासाला नीट न भागणारी संख्या घालू नका. आणि तारीख व वार दोन्ही खाने भरले तर क्रॉन 'दोन्ही जुळले' असं बघत नाही, 'कोणतंही एक जुळलं' की चालवतो. '० ९ १-७ * १' ही ओळ महिन्याचा पहिला सोमवार म्हणून लिहितात, प्रत्यक्षात ती पहिले सात दिवस रोज आणि शिवाय दर सोमवारी चालते. टायमरमध्ये 'मन *-*-०१..०७ ०९:००' लिहिलं तर दोन्ही जुळावेच लागतात.

---

सह्यवारा

एक राहिलं. 'चेज -एल डिप्लॉय' चालवून पासवर्डची मुदत बघा. डिप्लॉयचा पासवर्ड कालबाह्य झाला तर क्रॉन त्याची कामं थांबवतो, लॉगमध्ये ऑथेंटिकेशन टोकन वैध नसल्याची ओळ येते आणि क्रॉनटॅब मात्र जशीच्या तशी दिसते. एसएसएच की ने लॉगिन करणाऱ्यांना मुदत संपल्याचं लवकर लक्षात येत नाही. असल्या कामाच्या युजरला पासवर्डची मुदत ठेवू नका.

आणि क्रॉनटॅबची प्रत ठेवा. -ई आणि -आर या कळा कीबोर्डवर शेजारी आहेत. -आर न विचारता सगळी क्रॉनटॅब पुसतो. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्येच 'क्रॉनटॅब -एल' चं आउटपुट आणि तुमच्या .सर्व्हिस, .टायमर फाइली डंपच्या शेजारी कॉपी करणाऱ्या दोन ओळी घाला.